न वाचता केलेली सही

बँकेच्या कर्जविभागात मी अठ्ठावीस वर्षे काढली. समोरच्या खुर्चीवर हळदीचा अडत्या बसलेला असो वा नवे दुकान थाटणारा तरुण, प्रत्येकाला मी एक वाक्य न चुकता ऐकवीत असे : ‘‘सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचा.’’ काहींना त्याचा कंटाळा येई, काही जण ‘‘साहेब, तुमच्यावर विश्वास आहे’’ असे म्हणून पेन उचलीत. अशांना मी मुद्दाम थांबवीत असे. निवृत्तीला पाच वर्षे झाल्यानंतर, गेल्या श्रावणात, मीच एका इंग्रजी छापील कागदावर चष्मा न लावता सही करून मोकळा झालो. कागद श्वानांच्या सौंदर्यप्रसाधनाच्या एका दुकानाचा होता आणि तारण म्हणून माझ्या हातात साडेचार महिन्यांचे एक पिल्लू होते.

त्या पिल्लाचे नाव रेशम. चिरंजीवांच्या पुण्यातील एका मित्राने ते नातवाला भेट दिले. जात शिह त्झू, मूळची तिबेटकडील. केस माणसासारखे सतत वाढणारे, नाक चपटे, डोळे टपोरे. अक्षय्यतृतीयेनंतर ते सांगलीस आले तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. सौ.चा विरोध शास्त्राधारित होता. हिंस्र प्राणी पाळू नयेत असे श्रावकाचारात सांगितले आहे आणि कुत्रे हे मांसाहारी जनावर. त्याला घरात ठेवणे म्हणजे त्याच्या आहाराच्या पापात भागीदारी करणे, असे त्यांचे म्हणणे. माझ्यापाशी त्यावर चोख उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की आणणारे आपण नव्हे. आता आलेल्या जीवाला दाराबाहेर काढणे अधिक हिंसेचे होईल. शेवटी आहार शाकाहारी आणि तोही पशुवैद्यांच्या देखरेखीखाली, या अटीवर तडजोड झाली. कुत्रा संतुलित शाकाहारावर राहू शकतो, मात्र तो आहार अंदाजाने ठरवायचा नसतो, असे डॉक्टरांनी बजावले होते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात. त्यामुळे या बाबतीत आमच्या स्वयंपाकघराने आपोआपच पथ्य पाळले, सौ.ना याचा झालेला आनंद लपत नव्हता. पण द्राक्षे आणि बेदाणेही कुत्र्याला विषासमान, त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे ऐकून मात्र आम्ही सारेच हादरलो. चिरंजीवांचा व्यापारच हळद आणि बेदाण्यांचा. घरात बेदाण्याचे नमुने कागदी पुड्यांतून कोठेही पडलेले असत. त्या दिवसापासून नमुन्याची पुडी घरात आणावयाची नाही असा नियम झाला, आणि तो करणारे रेशमच्या विरोधी पक्षातील होते.

पावसाळा लागला आणि रेशमच्या केसांचे गुंते होऊ लागले. कानामागे, काखेत, पोटाखाली केसांच्या घट्ट गाठी बसल्या. आम्हांपैकी कोणालाच माहीत नव्हते की अशा जातीचे पिल्लू रोज विंचरावे लागते. वरवर फणी फिरवली की वरचे केस चकचकीत दिसतात आणि आत, कातडीलगत, गुंता वाढतच राहतो. ओल धरणाऱ्या त्या गुंत्यात गोचीड आणि पिसवा आसरा घेतात. एकदा त्या झाल्या की औषध मारावे लागते आणि त्या असंख्य जीवांची हिंसा घडते. रोजच्या दहा मिनिटांच्या विंचरण्याने आणि कोरड्या अंथरुणाने ती पुष्कळ टळते. हे आम्हांला नंतर समजले.

त्याच सुमारास पुतणीचा साखरपुडा आमच्या घरी ठरला. पाहुण्यांसमोर हे गुंतवळ नको, म्हणून मी रेशमला शहरात नव्यानेच उघडलेल्या एका ग्रूमिंगच्या दुकानात नेले. निमित्त पिल्लाच्या हिताचे सांगितले असले, तरी खरे कारण आमच्या घराच्या शोभेचे होते. नातू शाळेत गेला होता. ‘‘आजोबा, मी आल्यावर जाऊ या, तो मला घाबरत नाही,’’ असे तो सकाळी म्हणाला होता. दुपारी आचारी यायचा होता, म्हणून मी थांबलो नाही.

दुकान चकचकीत होते. काउंटरवरील मुलीने कागद पुढे केला, मी सही केली. ‘‘काका, तुम्ही समोर असलात की पिल्लू जास्त दंगा करते, दोन वाजता या,’’ असे तिने सांगितले. आतून केस वाळवण्याच्या यंत्राचा घरघराट येत होता. रेशमने माझ्या सदऱ्यात नखे रुतवली. ती एकेक करून सोडवून मी त्याला आतल्या मुलाच्या हाती दिले आणि मंडईच्या दिशेने निघून गेलो.

दोन वाजता परतलो तेव्हा रेशम एका तारेच्या पिंजऱ्यात होता. तोंड उघडे, जीभ बाहेर, धाप लागलेली. पिंजऱ्याच्या जाळीला बाहेरून यंत्राची नळी लावलेली होती आणि तीतून गरम हवा आत जात होती. पाठ सुकली होती, पोट ओले होते. गळ्याभोवती लाल वळ उमटला होता. पोटाखाली केस पार कातडीपर्यंत काढले होते आणि तिथे जळल्यासारखी लाली आली होती. पुढच्या उजव्या पंजाचे एक नख मुळाशी कापले गेले होते. त्यावर कसलीतरी पिवळी पूड थापलेली आणि तीतूनही रक्त झिरपत होते. आतला मुलगा म्हणाला, ‘‘पहिल्यांदा सगळीच असं करतात. खूप हलला ओ.’’

मी बाराशे रुपये दिले. पावती घेतली. आणि ‘थँक यू’ म्हणालो. हे शेवटचे मला आजही टोचते. तीन दशके लोकांच्या कागदातील चुका शोधण्यात घालवलेला माणूस, हातातला जीव थरथरत असताना, सवयीने आभार मानून बाहेर पडला.

घरी येताच रेशम दिवाणाखाली शिरला. रात्रीपर्यंत बाहेर आला नाही, पाण्यालाही तोंड लावले नाही. नातू जमिनीवर पालथा पडून त्याला हाका मारीत होता. मग त्याने मान वळवून मला विचारले, ‘‘तुम्ही तिथे होतात ना, आजोबा?’’

मी नव्हतो, असे सांगितले. तो काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात गोष्ट अधिक बिघडली. मिक्सर सुरू झाला की रेशम जागीच मूत्र विसर्जन करी. फणी दिसताच कोपरा गाठी. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाने लाडाने त्याचा उजवा पंजा हातात घेतला आणि रेशम त्याच्या मनगटावर झडपला. दात रुतले नाहीत, नुसते ओरखडे उठले. तरीही डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या दृष्टीने विचारून घेतले. पिल्लाचे लसीकरण पूर्ण झाले होते, तरी मुलाला काय द्यायचे ते त्यांनीच ठरवले. असल्या बाबतीत घरगुती शहाणपण चालवू नये. सूनबाई मात्र रात्री स्पष्ट बोलल्या, ‘‘अण्णा, उद्या तोंडाला चावला तर? कुणाच्या तरी मळ्यावर देऊन टाकू या.’’ त्या चुकीचे बोलत नव्हत्या. आईच्या जागेवरून पाहता याहून वेगळे काय बोलायचे? चिरंजीव गप्प होते. आश्चर्य हे की सौ. म्हणाल्या, ‘‘चूक त्याची नाही, शिक्षा त्याला कशी?’’

पशुवैद्य आमच्या जुन्या परिचयाचे. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त होऊन घरीच दवाखाना चालवतात. त्यांनी रेशमला टेबलावर न घेता स्वतः सतरंजीवर बसून तपासले. नंतर त्यांनी मला जे समजावून दिले ते, असा एखादा जीव ज्यांच्या घरी आला आहे त्यांच्यासाठी, थोडे विस्ताराने मांडतो.

कुत्र्याच्या नखाच्या आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. नख पांढरे असेल तर तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात दिसतच नाही. म्हणून काळे नख तांदळाएवढे, थोडे थोडे कापावे लागते. गाभा कापला गेला तर वेदना बोटाच्या पेराला चिमटा बसावा तशी तीव्र असते. रक्त थांबवण्याची खास पूड मिळते. ती नसेल तर घरातील कॉर्नफ्लोअर दाबून धरले तरी तात्पुरते चालते. गुंत्याचे असे की तो ओढून सोडवायचा नसतो; कातडी ताणली जाते. पाणी लागले की गुंता आणखी आवळतो, म्हणून अंघोळीपूर्वी तो सोडवावा किंवा कापून टाकावा. आणि आपल्या अंघोळीचा साबण वा शाम्पू कुत्र्याला लावू नये. त्याच्या कातडीची आम्लता आपल्याहून वेगळी असते.

गरम हवेचा मुद्दा सर्वांत गंभीर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धाप टाकून शरीर थंड करतो. चपट्या नाकाच्या जातींना ही धापही धड साधत नाही, कारण श्वासाचा मार्गच अरुंद. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडली तर ते झपाट्याने चढू शकते आणि प्राणावर बेतते. ‘‘साहेब, नखाचे सोडा, तुमचे पिल्लू पिंजऱ्यातून जिवंत आले हे नशीब समजा,’’ असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्यातून आवाज. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही अधिक. आपल्याला जो नुसता घरघराट वाटतो, त्यात त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल ते तोच जाणे.

मग ‘पहिल्यांदा सगळीच असं करतात’ हे खरे की खोटे? डॉक्टरांचे उत्तर असे की पुष्कळशी पिल्ले घाबरतात हे खरे, पण घाबरलेले पिल्लू दाबून धरून काम उरकले की ते शिकते एकच गोष्ट : हात लागला म्हणजे दुखणार. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा. या काळात जे सौम्यपणे भेटते ते आयुष्यभर आपले वाटते. अडचण ही की लसींची मालिका सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होते, आणि तोवर जिथे अनेक कुत्री येतात अशा ठिकाणी पिल्लाला नेण्यात पार्वो किंवा डिस्टेंपरचा धोका असतो. म्हणजे दुकानात जाण्याचे वय येते तेव्हा ओळखीचा काळ उलटून गेलेला असतो. म्हणून फणी, कात्री, यंत्राचा आवाज, पंजा हातात घेणे, कान उघडून पाहणे, यांची सवय घरीच, खेळता खेळता लावायची असते. आम्ही यांतले काही केले नव्हते. रेशमला जगातले पहिले यंत्र त्या पिंजऱ्यात भेटले.

भीतीच्या खुणाही त्यांनी दाखवल्या : ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, शेपूट पायांत घेणे, मान वळवून डोळ्यांच्या कडांतील पांढरे दाखवणे. या साऱ्या नातवावर झडपण्यापूर्वी रेशमने दाखवल्या होत्या, आम्हांला वाचता आल्या नाहीत. इथेही वाचनच कमी पडले.

त्या रात्री मी सामायिकाला बसलो, पण मन स्थिर होईना. ‘रत्नकरंड श्रावकाचार’ आमच्या घरी रोजच्या वाचनात आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आचार्य समंतभद्रांनी सांगितले आहेत, ते लहानपणापासून पाठ. अवयव छेदणे, बांधून ठेवणे, पीडा देणे, पेलणार नाही इतका भार लादणे, अन्नपाणी अडवणे. हे सारे बैलगाडीच्या आणि नांगराच्या काळातील, आपला व्यवहार तर तागडीचा आणि खातेवहीचा, असे मी मानून चाललो होतो. आता एकेक शब्द समोर उभा राहू लागला. गळ्यातला फास, कापलेले नख, पोटावरची जळजळ, तीन तास पाण्यावाचून. आणि हे सारे घडवून घेण्याचे मी पैसे मोजले होते. ‘मी केले नाही, दुसऱ्याने केले’ ही सबब आपल्या धर्मात चालत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे ही तिन्ही एकाच पंक्तीत बसतात. कागदावरील माझी सही म्हणजे अनुमोदनच नव्हे काय?

सवयीने मी त्या कागदाची दुय्यम प्रत घेतली होती. चष्मा लावून वाचली. तीत पिल्लाला बांधण्यास, पिंजऱ्यात वाळवण्यास आणि गरज पडल्यास तोंड बांधण्यास माझी संमती असल्याचे लिहिले होते. नख वा कातडीला इजा झाल्यास दुकान जबाबदार नाही हेही होते. प्रथम संताप आला. मी ग्राहक आयोगाकडे द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा तयार केला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवेतील त्रुटी आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा, दोन्हींचा आधार त्यात घेतला. मसुदा चांगला झाला होता. तो घेऊनच मी दुकानात गेलो, मालकाला आधी तोंडी सांगावे म्हणून.

मालक नव्हते. तो मुलगाच बाहेर पायरीवर डबा खात बसला होता. वेळ दुपारी चारची. मी ओळख दिली, तो उठून उभा राहिला. बोलता बोलता कळले की तो जतकडचा, वय एकोणीस. काम तीन आठवडे दुसऱ्याचे पाहून शिकला. दिवसाला दहा-बारा कुत्री उरकायची; जितकी कुत्री तितकी वरकमाई, आणि संख्या भरली नाही तर बोलणी. हातावर चाव्याच्या दोन जुन्या खुणा होत्या. ‘‘काका, एकाला दीड तास लावला तर कसं व्हायचं?’’ त्याने विचारले. मला माझ्या शेवटच्या शाखेतले मार्च महिने आठवले. उद्दिष्टाचा आकडा पुरा करण्यासाठी आम्ही वृद्ध खातेदारांच्या गळ्यात विम्याच्या योजना घालत होतो, आणि त्याही कागदावर सह्या होत्या. अतिभार फक्त बैलावरच लादतात असे नाही.

तक्रार मी पाठवली नाही. हे बरोबर केले की भित्रेपणा केला, याचा निवाडा अजून झालेला नाही; चिरंजीवांच्या मते भित्रेपणा. मालकांना मात्र एक पत्र लिहिले : पिंजऱ्यातील गरम हवा बंद करावी, पिल्लांसाठी वेगळी, लांब वेळ ठेवावी व त्याचे अधिक पैसे घ्यावेत, पालकाला काचेतून पाहू द्यावे. उत्तर आले नाही.

घरी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उजळणी सुरू झाली, आणि तिचा हिशेब मी वहीत ठेवला. पहिला आठवडा फणी फक्त जमिनीवर ठेवायची, जवळ आला की भाकरीचा तुकडा. दुसरा आठवडा फणी पाठीला नुसती टेकवायची. मिक्सर आधी दूरच्या खोलीत, दार लावून. मग दार उघडून. मग एकेक खोली जवळ. पंजाला हात लावायचा नाही, तो आपणहून हातावर ठेवील तेव्हाच. यात घाई झाली की चार दिवस मागे जावे लागे. एकदा मीच केली, वहीत लाल शाईने नोंद आहे. नातवाला एकट्याने जवळ बसू द्यायचे नाही ही सूनबाईंची अट होती. त्यामुळे रोज संध्याकाळी सहा वाजता आम्ही दोघे सतरंजीवर असू. अकरा वर्षांच्या मुलाशी रोज अर्धा तास बसण्याचा योग मला त्याच्या वडिलांच्या बालपणी कधी आला नव्हता. तेव्हा मी बदलीच्या गावी असे.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांच्या ओळखीच्या एक ताई मिरजेहून घरी आल्या. घरोघर जाऊन हेच काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी पेटी उघडलीच नाही. अर्धा तास जमिनीवर बसून माझ्याशी हळदीच्या भावावर बोलल्या, रेशमने त्यांचा पदर हुंगला, आणि त्या निघाल्या. दुसऱ्या खेपेस दोन गुंते कापले, बिनआवाजाच्या कात्रीने. तिसऱ्या खेपेस अंघोळ. वाळवणे टॉवेलने आणि पंख्याखाली. त्यांचाही एक कागद होता. मी तो शेवटपर्यंत वाचला, त्यांना थांबवून दोन प्रश्न विचारले, आणि मग सही केली. त्यांना त्याचे हसू आले.

दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला. सकाळी मंदिरातून परतल्यावर घरात एकमेकांना हात जोडणे झाले. नातू माझ्यासमोर आला, वाकला. मीही त्याला हात जोडले आणि त्या दिवशी त्याला सोबत न नेल्याबद्दल, नाव घेऊन, क्षमा मागितली. ‘‘रेशमची पण मागा,’’ तो म्हणाला. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो यक्ष झाला, ही कथा सौ.नी त्याला नुकतीच सांगितली होती. मी सतरंजीवर बसलो. रेशम आला, मांडीला टेकून बसला, थोड्या वेळाने डावा पंजा माझ्या तळहातावर ठेवला.

उजवा अजून देत नाही. त्याची नखे नातू कानशीने घासतो, दिवसाला एक, आणि तेही रेशम झोपेला आला म्हणजे.